धावपट्टीवरचा धोका

९ फेब्रुवारी २००९ रोजी मुंबई विमानतळावर दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाने उड्डाणासाठी वेग घेतला होता. त्याच वेळी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यातील हवाई दलाचे हेलिकॉप्टर धावपट्टीवर उतरले. वैमानिकाने ऐनवेळी उड्डाण रोखल्याने अनर्थ टळला. मात्र, थोडक्यात बचावल्याचे समाधान पुरेसे नाही.

१९९६ मध्ये हरियाणातील चरखी दादरी येथे दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जणांचा बळी गेला. त्यानंतर भारतात प्रवासी विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. बुलढाणा जिल्ह्यावरून उंच आकाशात ये-जा करणाऱ्या मुंबई-नागपूर विमानांवर तिचाच पहारा असतो. परंतु समोरच्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल, तर तिला ते दिसत नाही. शिवाय जमिनीपासून सुमारे हजार फुटांच्या खाली ती बचावाचा आदेशच देत नाही. तेथे भिस्त उरते ती नियंत्रकाच्या शब्दावर आणि वैमानिकाच्या नजरेवर.

म्हणूनच अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचा ताफा असो वा प्रशिक्षणाचे छोटे विमान, धावपट्टीवर नियंत्रकाचाच शब्द अंतिम असला पाहिजे. त्याला अपवाद करणे म्हणजे प्रवाशांचे प्राण नशिबावर सोपवणे होय.