दाखला कुणाचा तपासायचा?

हा अंक दीड महिना उशिरा निघतोय. वर्गणीदार दोस्तांच्या शिव्या आम्ही मान खाली घालून ऐकल्या. दरवेळी पैसे नसतात म्हणून उशीर होतो. या खेपेला पैसे होते. प्रेसवाल्याशी भाव ठरला होता, कागद सांगून ठेवला होता. ते पैसे हॉस्पिटलच्या खिडकीवर गेले. आमच्या टोळीतल्या एका दोस्ताच्या उजव्या हाताची दोन बोटं गोदीत गेली. कागद नंतर, हात आधी. ज्याला हे पटत नसेल त्यानं वर्गणी परत मागावी. देऊ. हप्त्याहप्त्यानं देऊ, पण देऊ.

झालं ते असं. हॅचमधून लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा वर येत होता. दोन पायांची वायररोपची स्लिंग लावलेली. गठ्ठा फिरू नये म्हणून दोस्तानं हात लावला होता. तो रोजच लावतो, आम्ही सगळेच लावतो. स्लिंगचा एक पाय डोळ्याजवळ, दाबपट्टीच्या तोंडाशी सुटला. गठ्ठा कलंडला. पुढचं लिहीत नाही. मुकादम म्हणाला, "नशीब समज, जीव वाचला." सुपरवायझर म्हणाला, "हात कशाला घातला?" म्हणजे जीव वाचला तो नशिबानं आणि बोटं गेली ती आमच्या चुकीनं. मधे ती स्लिंग कुठंच नाही.

चौकशी झाली तेव्हा कंत्राटदाराच्या माणसानं रजिस्टर काढलं. त्या स्लिंगच्या नंबरापुढं चार सह्या होत्या. ठीक, ठीक, ठीक, ठीक. चार तिमाह्या, एक पेन, एक शाई, एक सही. आणि शेवटची तारीख अजून उजाडायची होती, पुढच्या महिन्याची! पोर जन्मल्यावर सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात, तसं कुणी कारकून येऊन या तारेचं नशीब आगाऊ लिहून गेला. आणि तारेच्या नशिबाखाली आमचं.

म्हणून हा संपादकीय मजकूर स्लिंगवर आहे. आमचे काही साहित्यिक मित्र नाक मुरडतील. कवितेच्या अंकात वायररोप कशाला, म्हणतील. दोस्तहो, ज्या हातानं कविता लिहायची तो हातच स्लिंगखाली आहे. हाताचा प्रश्न कवितेचा नाही, तर मग कविता कुणाची?

वायररोप कुठून आला ते आधी बघू. १८३४ साली जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणीत विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्यानं तारा पिळून दोर केला. त्याआधी खाणीत साखळ्या होत्या. साखळीचा दोष असा की एक कडी गेली की सगळंच गेलं, आणि ती न सांगता जाते. वायररोपचं तसं नाही. त्यात सहा लडी, एकेका लडीत एकोणीस तारा, अशा ११४ तारा असतात. एक तुटली तरी बाकीच्या ओझं धरून ठेवतात. म्हणजे वायररोप मरायच्या आधी ओरडतो. तारा तुटून बाहेर येतात, हाताला बोचतात, मोज्यात अडकतात. तो सांगतो, मी थकलो, मला काढा. ऐकायला माणूस पाहिजे. आमच्या दोस्ताच्या स्लिंगनं किती दिवस आधी सांगितलं असेल? रजिस्टरात 'ठीक' लिहिणाऱ्यानं तिच्याकडं एकदा जरी बघितलं असतं तर कळलं असतं.

बघायचं म्हणजे काय, हेही गुपित नाही. आपल्या देशाच्या कायद्याच्या पुस्तकात ते छापलेलं आहे. १९८६ साली गोदी कामगारांच्या सुरक्षा, आरोग्य आणि कल्याणाचा कायदा झाला, १९९० साली त्याचे नियम आले. त्यात लिहिलं होतं: वायररोप निदान तीन महिन्यांतून एकदा जबाबदार माणसानं तपासायचा. एक तार तुटलेली दिसली की मग दर महिन्याला. दोराच्या जाडीच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांवर गेल्या की तो दोर बाद. आता हे आपल्या भाषेत करून बघा. वीस मिलिमीटर जाडीचा दोर घ्या. आठपट म्हणजे एकशे साठ मिलिमीटर, वीतभरसुद्धा नाही. ११४ तारांचा दहावा हिस्सा अकरा आणि थोडं वर. म्हणजे वीतभराच्या आत बारा तुटक्या तारा मोजल्या की ती स्लिंग मेली. बारापर्यंत मोजायला मॅट्रिकसुद्धा व्हावं लागत नाही. मोजायची परवानगी तेवढी लागते.

आणि तारा मोजल्या म्हणजे संपलं असं नाही. गाठ पडून मोडलेला दोर बाद, सरळ केला तरी बाद. लडी फुगून पिंजऱ्यासारख्या झाल्या तर बाद. गंज आत शिरला असेल, दोर चेपला असेल, वेल्डिंगच्या आचेनं रंग बदलला असेल तर बाद. दोराच्या पोटात तागाचा गाभा असतो, तो वंगण धरून ठेवतो. गाभा सुकला की तारा आतल्या आत एकमेकींना खातात, आणि बाहेरून दोर धडधाकट दिसतो. डोळा आणि दाबपट्टी सगळ्यात आधी बघायची, कारण तिथंच दोर वाकतो आणि तिथंच पाणी साचतं. तुटक्या तारा शोधायला उघडा हात फिरवायचा नाही, चिंधी फिरवायची. चिंधी अडकली की समजायचं. हुकाचं तोंड ताणून उघडलंय का, त्याची कुत्री जागेवर आहे का, शॅकलच्या पिनीच्या जागी कुणी बोल्ट घातलाय का, हेही त्याच वेळी.

आता ओझ्याचा हिशोब. हा हिशोब मुकादम कधी सांगत नाही. दोन पायांच्या स्लिंगवर दोन टन माल. दोन्ही पाय सरळ उभे असतील तर एकेकावर एक टन. पाय फाकले, मधला कोन साठ अंश झाला, की एकेकावर साधारण १.१५ टन. नव्वद अंशाला १.४. एकशेवीस अंशाला एकेका पायावर पुरे दोन टन. एकशेपन्नासला जवळजवळ चार. माल तोच, तार तीच, फक्त स्लिंग आखूड. लांब स्लिंग गोडाऊनमध्ये असते. ती आणायला वीस मिनिटं जातात. वीस मिनिटं वाचवायला आमच्या डोक्यावर दोनाचे चार होतात. वर विंचवाल्यानं झटका दिला, ढिल्या दोरावर ओझं एकदम आलं, की ताण आणखी दुप्पट. उत्पादन वाढलं म्हणतात ते असं वाढतं.

आता यात जात कुठं आली, असं विचारणारे आपल्यातही आहेत. सांगतो.

मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आपल्या माणसांना घेत नव्हते. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा, थुंकी लावून जोडायला लागायचा. आपल्या थुंकीनं दुसऱ्यांचा धागा बाटायचा. विणाई खात्यात पगार जास्त होता, म्हणून तिथं धागा फार सोवळा होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. संपात आम्ही तुमच्याबरोबर, मग खात्यात का नाही? ती कापसाची तार. ही लोखंडाची तार. ही मात्र आजवर कुणाची बाटली नाही. तिच्याखाली उभं राहायला, तिला हात लावायला, तिच्यातून सुटलेला गठ्ठा अंगावर घ्यायला कुणी आमची जात विचारली नाही. जिथं पगार तिथं विटाळ, जिथं मरण तिथं समता. अशी ही समता आम्हाला फार दिवस मिळालीय.

उलट बाजूनंही बघा. आमच्या पोराला कॉलेजात जायचंय, तर जातीचा दाखला पाहिजे. दाखल्यावर पडताळणी पाहिजे. १९५० सालाआधीचा पुरावा आण म्हणतात. आज्याच्या शाळेचा दाखला आण. आजा शाळेत गेलाच नाही, तर गावच्या दप्तरात शोध. समितीपुढं उभा राहा. या देशात आमचा कागद इतका बारकाईनं बघितला जातो, भिंगाखाली धरून. आणि तीन टन लोखंड माणसांच्या डोक्यावर धरणाऱ्या तारेचा कागद? तो टेबलाच्या खणात. बारा महिन्यांच्या सह्या एका बसल्या बैठकीत. ज्याचं ओझं कुणावर नाही त्या पोराची पडताळणी, आणि जिचं ओझं सगळ्यांवर आहे त्या स्लिंगची नाही!

तपासणारा वर, तपासला जाणारा खाली, ही या समाजाची जुनी मांडणी आहे. वरचा लिहिणार, खालचा उचलणार. लिहिणाऱ्याचा हात तारेला लागत नाही आणि उचलणाऱ्याचा रजिस्टरला. मनमाडला १९३८ च्या फेब्रुवारीत रेल्वे कामगारांपुढं बोलताना बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आमच्या धक्क्यावर हे दोघं एकाच रजिस्टरवर सही करतात. एक म्हणतो खर्च वाचव. दुसरा म्हणतो, याला वाचायला देऊ नको.

२०२० साली संसदेनं तेरा कायदे एका संहितेत गुंडाळले. १९८६ चा गोदीचा कायदाही त्यात गेला. निरीक्षकाचं नाव बदलून 'निरीक्षक-तथा-सुविधाकार' झालं. सुविधा कुणाची, ते नावात नाही. पण त्याच संहितेत चौदाव्या कलमात लिहिलंय की कामगाराला आपल्या सुरक्षेबद्दल मालकाकडून माहिती घेण्याचा हक्क आहे, आणि गंभीर इजेचा किंवा मरणाचा धोका समोर दिसत असेल तर तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या कानावर घालता येतो. मालकाला पटलं नाही तर निकाल निरीक्षकाचा. काम थांबव असं त्यात आम्हाला सरळ म्हटलेलं नाही. तरीपण धरायला एक टोक आहे. तेच धरायचं. कायदा फुकट मिळालेला नाही. तो वापरला नाही की गंजतो, तारेसारखाच.

तेव्हा नुसता निषेध पुरे. या खेपेला छावण्या-छावण्यांतल्या पोरांना आमचं सांगणं कामाचं आहे:

एक. जे धक्क्यावर, बांधकामावर, मेट्रोच्या कामावर, गोडाऊनात आहेत, त्यांनी पाळी सुरू होताना आपली स्लिंग स्वतः बघायची. टॅगवर नंबर आणि सुरक्षित भार नसेल तर तिला हात लावायचा नाही. एकट्यानं नाही म्हटलं तर घरी बसवतील. टोळीनं म्हणायचं.

दोन. मोबाईल सगळ्यांकडं आहे. टॅगचा फोटो, तुटक्या तारांचा फोटो, तारखेसकट. रजिस्टरला जबाब रजिस्टरनंच द्यायचा. आपलं रजिस्टर आपण ठेवायचं.

तीन. बंदर सरकारी असेल तर २००५ चा माहितीचा कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज. क्रेनचा आणि स्लिंगचा चाचणी दाखला मागायचा, तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख मागायची. कॉलेजातल्या पोरांनी हे अर्ज लिहून द्यावेत. परिसंवादात बोलण्यापेक्षा हे काम मोठं आहे.

चार. बाद झालेली स्लिंग तिथल्या तिथं कापायची. कापली नाही तर ती रात्रीतून परत येते, दुसऱ्या टोळीच्या डोक्यावर. ती टोळी कोणत्या जातीची, कोणत्या प्रांताची, हे बघायचं नाही. बिहारहून आलेलं पोर आपलंच.

पाच. दर रविवारी विहारात एक तास. तुटका दोर आणू, चिंधी आणू, खडूनं कोन काढू. ज्याला येतं त्यानं शिकवायचं. पुढाऱ्यांना हार घालायला आपल्याकडं वेळ असतो, याला पण काढू.

गोदीत जुने खलाशी शब्द अजून चालतात. 'हबेस' म्हणजे वर उचल. 'आरिया' म्हणजे खाली सोड. गोदीत नवीन आलो तेव्हा हा शब्द ऐकून आम्ही हसलो होतो. तीन हजार वर्षं ज्या नावाचे लोक वर होते त्याच आवाजाचा शब्द इथं खाली सोडायला वापरतात! पण ते हसू त्या दिवशी पत्र्याखाली गेलं. शब्दानं कुणी खाली येत नाही. सही करणाऱ्याला तारेजवळ आणावं लागतं, आणि तारेखालच्याला सहीजवळ.

दोस्त घरी आलाय. डाव्या हातानं लिहायला शिकतोय. या अंकात त्याची कविता नाही. पुढच्या अंकासाठी आम्ही त्याच्याकडं मागितलीय. तो म्हणाला, "कविता नंतर. आधी मला ते रजिस्टर दाखवा."

पुढच्या अंकापर्यंत ते रजिस्टर मिळवायचं आहे. कोण येतंय?

जय भीम.