दिवाळीच्या सुटीतले हिम

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाचे गाव. हिमाशी त्याचा संबंध लावणे प्रथमदर्शनी विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु तालुक्याच्या पश्चिमेस जीवधन, चावंड, हडसर यांच्या खोदीव पायऱ्या आणि नाणेघाटाची वाट तुडवून ज्यांच्या पायांत बळ आणि मनात धिटाई आली, असे या मुलखातले तरुण हल्ली दिवाळीची सुटी लागली की हिमालयाकडे वळतात. आणि त्यांचे आईबाप, शिक्षक व त्यांना नेणारी मंडळी हंगामारंभीच्या हिमाविषयी जी बेफिकिरी बाळगतात, तिच्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे प्राप्त आहे.

सर्वसाधारण समज असा, की कार्तिकात हिम थोडे, म्हणून धोकाही थोडा. हा समज आपल्याला सह्याद्रीने दिला. येथे पाऊस थांबला, ऊन पडले आणि कातळ वाळला, की वाट पुष्कळशी बिनघोर होते. हिमाचा कायदा निराळा. ऑक्टोबरात पडलेला पातळ थर उत्तरेकडील सावलीच्या उतारावर तसाच राहतो; निरभ्र रात्रींच्या कडाक्याने त्याचा पृष्ठभाग थिजतो, खालची जमीन मात्र तुलनेने उबदार असते, आणि या तफावतीमुळे वर चढणाऱ्या बाष्पाने त्या थरातील कण जाड साखरेसारखे मोठे व परस्परांस न चिकटणारे होऊन बसतात. म्हणजे प्रवाशाला जे दिवस सुखाचे वाटतात, त्याच दिवसांत पाया कच्चा होत असतो. मग एखादे वादळ येते, वारा कड्याआडच्या घळीत नवे हिम लोटून त्याचा घट्ट थर बसवतो, आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावरील तो भार एका माणसाच्या पावलानेही सुटू शकतो. आजूबाजूला गवत दिसत असते, घळ तेवढी भरलेली असते. आणि थर पातळ असल्यामुळे लहानसे स्खलनही माणसाला उघड्या खडकांवर फरफटत नेते.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी द्रौपदी का डांडा या शिखराच्या उतारावर हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह हाती आले, दोघे सापडले नाहीत. मृतांत त्याच वर्षीच्या मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सर करणाऱ्या प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या. त्याआधी २०१४ च्या ऑक्टोबरात विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर धडकलेल्या हुदहुद वादळाने दोनच दिवसांत नेपाळात अन्नपूर्णेभोवतीच्या पायवाटा हिमाने गाडल्या आणि चाळीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. बंगालच्या उपसागरातील खबर हिमालयात जाणाऱ्याने वाचलीच पाहिजे, ती यासाठी.

अज्ञान हे आपल्या बेफिकिरीचे एक कारण झाले. माझ्या मते मोठे कारण रेल्वेच्या आरक्षणात आहे. परतीचे तिकीट काढलेले, महाविद्यालय उघडण्याचा दिवस ठरलेला, भरलेली फी परत मिळण्याची आशा नाही; अशा स्थितीत खिंड कोणत्या दिवशी ओलांडायची, हे तिकडचे हिम न पाहता पुण्यात बसूनच मुक्रर होते. नवे हिम पडल्यावर निदान एक-दोन दिवस उतारांना हात लावू नये, हे ज्याला ठाऊक आहे असा म्होरक्यादेखील पदरी एकही शिल्लक दिवस नसल्यामुळे मंडळींना पुढे रेटतो.

वास्तविक डोंगर सुटतो म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी एसटीच्या चालकाला माळीण गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेर बातमी फुटली. दीडशेहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली होती. तेव्हापासून दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या, पावसाळ्यापूर्वी नोटिसा निघू लागल्या. त्या बंदोबस्तात कसर असेल, पण अतिवृष्टीत उताराखाली झोपू नये एवढे येथल्या पोरालाही कळते. तेच पोर हिमालयात घळीच्या तोंडाशी खुशाल तंबू ठोकते.

शिवाय सह्याद्रीत कोणी अडकला, तर गावकरी आणि बचाव पथके रात्रभर शोध करून त्याला पुष्कळदा सकाळी सुखरूप आणतात. हिमाखाली गाडलेल्याला एवढी सवड नसते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर जगण्याची आशा झपाट्याने ओसरते, आणि हेलिकॉप्टर तितक्यात येत नाही. त्याला काढणार ते त्याचे सोबतीच. त्यांच्यापाशी ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारे रेडिओयंत्र), शोधकाठी आणि फावडे नसेल व ती वापरण्याचा सराव नसेल, तर त्यांनी नुसते बघत राहायचे. नवा सदरा आणि बूट यांवर हजारो रुपये खर्चणाऱ्या मंडळींना फावडे मात्र ओझे वाटते, हा प्रकार विलक्षण खरा!

तेव्हा सहल नेणाऱ्या संस्थेने करारपत्रात निदान दोन राखीव दिवस मांडावेत. हिम पाहून म्होरक्याने मागे फिरण्याचा हुकूम दिला, तर भरलेली फी बुडणार नाही असे कलम घालावे. आणि आईबापांनी ते कलम वाचल्याखेरीज सही करू नये. परतीचे तिकीट बुडाल्यास त्याची तोशीस कोणी सोसावी, हा तंटा उरतोच. तो गावच्या चावडीवर दिवाळीपूर्वीच मिटवून घ्यावा.