उसाचे गवत का होते?

कोल्हापूर जिल्ह्यात ज्या घरी ऊस नाही, त्या घराचाही उसाशी संबंध असतोच. कोणी गुऱ्हाळावर, कोणी कारखान्यात, तर कोणाच्या दुकानाची उधारी ऊसबिल आल्यावर फिटते. म्हणून या वेळी उसाच्या एका रोगाची माहिती घेऊ.

शेतात काही बेटे वेगळी दिसतात. एकेका बेटातून गवतासारखे बारीक फुटवे निघतात. पाने अरुंद आणि फिकट, कधी अगदी पांढरी असतात. त्यात जाड ऊस धरतच नाही. यालाच 'गवताळ वाढ' म्हणतात. बरेच जण केवडा समजून लोह फवारतात, कोणी बुरशीनाशक मारतो. पैसे जातात, बेट तसेच राहते.

याचे कारण फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीव. हा एक प्रकारचा जिवाणूच. पण त्याला पेशीभित्तिका नसते. पानात तयार झालेले अन्न ज्या नळ्यांतून झाडभर जाते, त्या नळ्यांत तो राहतो. 1967 पर्यंत असे रोग विषाणूंमुळे होतात असा समज होता. त्या वर्षी जपानी शास्त्रज्ञांना तुतीच्या रोगट झाडात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे जीव दिसले. पेनिसिलीन जिवाणूच्या भित्तिकेवर घाव घालते. इथे भित्तिकाच नाही, म्हणून ते निकामी ठरते. टेट्रासायक्लिनने लक्षणे काही काळ दबतात, रोग जात नाही.

परसातल्या वांग्यालाही असाच रोग होतो. पाने बारीक होऊन झुपका बनतो, वांगी लागत नाहीत. त्याला पर्णगुच्छ म्हणतात. तुडतुडे रोगट झाडाचा रस शोषून निरोगी झाडावर बसतात आणि रोग पसरवतात. असे रोप दिसताच उपटून टाकावे.

उसात मात्र रोग मुख्यतः बेण्यातून येतो. रोगट उसाची कांडी लावली की रोगही लावला जातो, आणि खोडव्यात तो वाढतो. रोगट बेट मुळासकट काढून नष्ट करावे, त्या प्लॉटचा खोडवा ठेवू नये. बेणे 50 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 2 तास ठेवल्यास रोग बराच कमी होतो. पण उष्णता जास्त झाली तर डोळे मरतात. त्यामुळे हे काम घरच्या चुलीवरचे नाही. योग्य यंत्रणा असलेल्या रोपवाटिकेतूनच असे बेणे घ्यावे. बेणे तीन-चार वर्षांनी बदलावे. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र किंवा आपला कारखाना यांच्याकडे चौकशी करता येते.

आपल्याकडे बेणे बहुधा ओळखीतून, शेजारच्या शेतातून येते. घेणाऱ्याने प्लॉट आधी स्वतः फिरून पाहावा. देणाऱ्यानेही आपल्या शेतात गवताळ बेटे असतील तर ते लपवू नये. मालातला ऐब झाकून विकू नये, हे आपण मुलांना शिकवतोच. इथे तो ऐब एका मोळीपुरता राहत नाही. समोरच्याच्या शेतात खोडव्यापर्यंत जातो.