सवड आणि रिकामपण

परदेशीं राहणाऱ्या आपल्या मुलांविषयीं छत्रपती संभाजीनगरच्या बैठकीच्या खोल्यांतून दोन मतें हमखास ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, तिकडे सारें सुखच सुख आहे. शनिवार-रविवार सुटी, दारांत मोटार, घरांत यंत्रें. सुनेला पहांटे उठून पाणी भरावें लागत नाहीं, कीं संध्याकाळीं आल्यागेल्याचा स्वयंपाक रांधावा लागत नाहीं. दुसरें मत अगदीं याच्या उलट. तिकडे कसलें आलें आहे सुख! एवढा शिकलेला मुलगा, आणि घरीं भांडीं घासतो, केर काढतो, रविवारीं न्हाणीघर धुतो! गंमत अशी कीं, हीं दोन्ही मतें पुष्कळदां एकाच मुखांतून, एकाच चहाच्या पेल्याच्या अवधींत बाहेर पडतात. सुनेच्या आरामाचें कौतुक आणि मुलाच्या कष्टांची कीव, असा हा न्याय आहे. आमचें म्हणणें असें कीं, हा न्याय नेमका फिरवावयास पाहिजे. ज्याची आपण कीव करतों तें त्या संसाराचें निरोगी अंग आहे. आणि ज्याचें कौतुक करतों तेथेंच पुष्कळदां दुखणें असतें.

मराठी भाषेनें या बाबतींत आपल्याला दोन निराळे शब्द देऊन ठेविले आहेत : सवड आणि रिकामपण. सवड ही कामांतून काढावी लागते. ज्याला काम आहे त्यालाच ती मिळते, आणि मिळाली म्हणजे गोड लागते. रिकामपण काढावें लागत नाहीं. तें अंगावर येऊन पडतें. सवड मिळालेला मनुष्य पेटी काढून बसतो, पुस्तक उघडतो, मित्राच्या घरीं जातो. रिकामपण लादलेला मनुष्य घड्याळाकडे पाहतो. ‘रिकामटेकडा’ ही आपल्या भाषेंत शिवी आहे. सवड काढणाऱ्याला मात्र कोणी शिवी दिल्याचें ऐकिवांत नाहीं. परदेशस्थ जोडप्याच्या फावल्या वेळाचा विचार करतांना हा भेद जर आपण विसरलों, तर पुढचा सारा हिशेब चुकतो.

आणि तो आपण विसरलों आहों, याचें कारण फार जुनें आहे. परदेशस्थाच्या सुखाची आपली कल्पना परदेशांतून आलेलीच नाहीं. ती आपल्याच छावणींतून आलेली आहे. औरंगाबाद निजामाच्या राज्यांत होतें खरें. परंतु येथल्या छावणींतील हैदराबाद कंटिंजंटचे अधिकारी इंग्रज होते. साहेब आणि त्याची मडम हेंच आपल्या खापरपणज्यांनीं पाहिलेलें परदेशस्थ जोडपें. बंगला, खानसामा, भिस्ती, आया, माळी. संध्याकाळीं क्लब, पत्ते आणि टेनिस. असली चैन त्या साहेबाला त्याच्या मायदेशांत क्वचितच परवडली असती. ती येथल्या स्वस्त मनुष्यबळाच्या पाठीवर उभी होती. परदेशीं राहणें म्हणजे हातानें काम न करणें, हा समज आपण तेथूनच उचलला. तो इतका खोल रुजला कीं, आपला मुलगा साहेबाच्या देशांत जाऊन साहेबासारखा राहत नाहीं, याचें आपल्याला दुःख होतें! साहेबही आपल्या देशांत तसा राहत नाहीं, हें मात्र ध्यानांत येत नाहीं.

त्याच काळांतील दुसरें उदाहरण आपल्या अगदीं जवळचें आहे. १८४४ सालीं मद्रासच्या फौजेंतील रॉबर्ट गिल याला ईस्ट इंडिया कंपनीनें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमलें. त्या डोंगराच्या परिसरांत त्यानें वर्षानुवर्षें काढलीं. त्याच्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळून गेल्या. गिलचें नांव आज घेतलें जातें तें त्याच्या त्या कामामुळें. परंतु अजिंठा गांवीं पारो नांवाच्या स्थानिक स्त्रीची कबर आहे. तिच्यावर १८५६ हें साल आहे. गिलची ती प्रिय सखी. गिलविषयीं कागदपत्रें आहेत, चित्रें आहेत, पुस्तकें आहेत. पारोचा दिवस कसा जात होता, हें लिहून ठेवावें असें कोणालाही वाटलें नाहीं. दोघांच्या सहवासाचा इतिहास एकाच्याच दिनक्रमावरून लिहावयाचा, ही खोड जुनी आहे. आणि आज मुलाच्या पगारावरून सुनेचें सुख मोजणारे आपण त्या खोडीचे वारस आहों.

आतां मुलाच्या ‘कष्टां’कडे वळूं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं भारतीयांच्या वेळेची पाहणी केली. घरांतील बिनपगारी कामें करणाऱ्या स्त्रिया शेंकडा ८१ निघाल्या, पुरुष अवघे २६. जीं माणसें हीं कामें करतात त्यांतही स्त्रीचीं दिवसाला सरासरी २९९ मिनिटें खर्च होतात, तर पुरुषाचीं ९७. म्हणजे आपल्या घरांतील पुरुषाची सवड ही बव्हंशीं त्याच्या आईनें, बायकोनें आणि धुणींभांडीं करणाऱ्या बाईनें कमावलेली असते. जो मुलगा येथें जेवणाचें ताटही उचलीत नव्हता, तो तिकडे भांडीं घासतो. कारण तेथें घरकामाला लावलेल्या माणसाला तासाचे पुरेपूर दाम मोजावे लागतात, आणि यंत्र झालें तरी तें आपण होऊन खरकटीं ताटें गोळा करीत नाहीं. पंचवीस वर्षांच्या मुलाला जें शिकविण्यास आपण चुकलों, तें परदेशानें सहा महिन्यांत शिकविलें, तर याला शिक्षा म्हणावयाचें कीं शिक्षण?

कोणी म्हणेल, येथें मोलकरीण ठेविली तर एका गरीब कुटुंबाला घांसभर अन्न मिळतें; त्यांत वाईट तें काय? मोलकरीण ठेवूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जी बाई पहांटे स्वतःच्या घरचें आटोपून आपल्या चार घरांचें धुणें करते, तिला आठवड्याची सुटी किती घरांतून मिळते? तिच्या खाड्याचा हिशेब ठेवणारे आपण तिच्या सवडीचा हिशेब कधीं ठेवला आहे काय? परदेशांतील मुलाला निदान एवढें तरी कळतें कीं, आपला रविवार कोणाच्या हातानें आला. ज्याला हें कळलें त्याच्या हातचें भांडें हें त्याच्या अधोगतीचें चिन्ह खास नव्हे.

यापेक्षां गंभीर गोष्ट सुनेच्या ‘आरामा’ची. आपल्या शहरांतून स्थापत्य, संगणक, औषधनिर्माण अशा विषयांच्या पदव्या घेऊन दरवर्षीं पुष्कळ मुली बाहेर पडतात. पुण्यांत नोकरीस लागतात. आणि मग अमेरिकेंतील स्थळ येतें. मुलगा एच-१बी परवान्यावर गेलेला असतो. लग्नानंतर मुलगी एच-४ या अवलंबितांच्या परवान्यावर जाते. या परवान्यावर तिला शिकतां येतें. पण मोबदला घेऊन काम करतां येत नाहीं. २०१५ सालच्या नियमानें कांहीं जणींना मुभा मिळाली. ती मुख्यतः ज्यांच्या पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज एका ठराविक टप्प्याच्या पलीकडे गेला आहे त्यांनाच. त्यापुढें तर रांगच आहे. कारण नोकरीच्या आधारें मिळणाऱ्या कायम वास्तव्यांत कोणत्याही एका देशाच्या वांट्याला साधारणपणें शेंकडा सातांहून अधिक जागा येत नाहींत, आणि त्या रांगेंत भारतीय इतके आहेत कीं वर्षांमागून वर्षें जातात. नव्यानें गेलेल्या मुलीच्या हातीं मुकाट्यानें थांबणें एवढेंच उरतें.

हिच्या दिवसाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. नवरा सकाळीं कामावर जातो. उपनगरांत मोटारीवांचून हालतां येत नाहीं. मोटार बहुधा एकच, आणि ती त्यानें नेलेली. दुपारचे दोन वाजले कीं आईशीं बोलावेंसें वाटतें. परंतु न्यू जर्सींत उन्हाळ्यांतले दुपारचे दोन म्हणजे येथें रात्रीचे साडेअकरा, घर निजलेलें. शेजारची ट्यूशन घ्यावी, शिवण करून चार पैसे मिळवावे, तर तोही कायद्याचा भंग. तिला वेळ भरपूर आहे; सवड मात्र नाहीं, कारण जिच्यांतून सवड काढावयाची ती कामाची रासच तिच्या वांट्याला आलेली नाहीं. आणि हिच्याविषयीं येथें सांगितलें जातें काय? ‘राणीसारखी बसून आहे.’ बसून आहे, हें खरें. राणीसारखी मात्र नव्हे.

हा दोष ‘परदेशा’चा, असें ठोकून देणेंही बरोबर नाहीं. जर्मनींत निळ्या कार्डावर गेलेल्याच्या पत्नीला काम करतां येतें. इंग्लंडांतही कुशल कामगाराच्या परवान्याबरोबर गेलेल्या पत्नीला तें करतां येतें. सुटीचेंही तसेंच. जर्मनींत पांच दिवसांच्या आठवड्याला वर्षाची किमान वीस दिवस पगारी रजा कायद्यानें मिळते आणि रविवारीं बहुतेक दुकानें बंद असतात. अमेरिकेंत पगारी वार्षिक रजा देण्याची सक्ती करणारा संघीय कायदाच नाहीं. म्हणजे देश बदलला कीं सवडीचें गणितही बदलतें. परंतु आपण ‘फॉरेन’ या एका शब्दाखालीं सारे देश एकाच पोत्यांत भरतों, आणि तें पोतें रुपयांच्या कांट्यावर तोलतों.

आपल्या वाङ्मयानेंही या समजाला थोडा हातभार लाविला आहे. परदेशाविषयींचीं आपलीं लोकप्रिय पुस्तकें बहुतेक प्रवासवर्णनें आहेत. १९६० सालीं पुस्तकरूपानें आलेली पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ कोणीही पुन्हां पुन्हां वाचावी अशीच आहे. परंतु प्रवाशाला रोजच रविवार असतो. राहणाऱ्याचा मंगळवार कसा असतो, हें सांगणारीं पुस्तकें त्या मानानें थोडीं. म्हणूनच पंडिता रमाबाईंचें १८८९ सालचें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक आम्हांला आजही नवें वाटतें. रमाबाईंनीं तेथील घरें पाहिलीं, शाळा पाहिल्या, स्त्रियांच्या संस्था पाहिल्या. त्या अमेरिकेस गेल्या त्या १८८६ सालीं, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं. आनंदीबाई १८८३ सालीं पतीला मागें ठेवून एकट्या निघाल्या होत्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ सालीं, बाविसाव्या वर्षाच्या आंत, निवर्तल्या. त्या काळीं शिकलेल्या स्त्रीच्या वाटेंत रूढि आडवी होती, आणि तिला आपण जुलूम म्हणतों. आज रूढि पुष्कळशी बाजूस सरली, तर कायदा आडवा आला आहे. आणि त्याला मात्र आपण आराम म्हणतों!

एक शब्द खुद्द परदेशस्थांस. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचें. उत्तर अमेरिकेंतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें. नाटकें, गणेशोत्सव, मुलांसाठीं मराठी शाळा, हीं या मंडळांचीं कामें मोलाचीं आहेत, आणि वर सांगितलेल्या एकाकी मुलीला पहिला आधार पुष्कळदां तेथेंच मिळतो. परंतु ज्या जोडप्याचा प्रत्येक शनिवार त्याच दहा घरांत, त्याच पदार्थांवर आणि जमिनींच्या त्याच भावांवर जातो, त्यानें साहेबाच्या छावणीची नक्कलच चालविली आहे. नोकर नाहींत, एवढाच फरक. पंधरा वर्षें शेजार करून शेजाऱ्याच्या घरीं कधीं चहा घेतला नाहीं, तर परदेशांत राहिलों असें कशाला म्हणावें? अर्थात् हा उपदेश करतांना आपणही आपल्याकडे पाहिलें पाहिजे. शेंद्रें-वाळूजच्या कारखान्यांनिमित्त परदेशी कुटुंबें आपल्या शहरांत येऊन राहतात. त्यांपैकीं किती जणांस आपण दिवाळीच्या फराळाला बोलाविलें? मलिक अंबर या हबशी पुरुषानें १६१० मध्यें वसविलेलें हें गांव. परक्याला आपलें म्हणण्याची विद्या येथें तरी नवी नसावी.

तेव्हां मुलीच्या आईबापांनीं, स्थळ परदेशांतलें आहे म्हणून पत्रिका आणि पगार एवढेंच पाहून थांबूं नये. तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्या. तिकडे गेल्यावर तिला कोणत्या परवान्यावर राहावयाचें आहे, आणि त्यावर कमाई करतां येते काय? येत नसेल, तर ती मुभा मिळेपर्यंतच्या वर्षांत तिच्या शिक्षणाचा खर्च कोण करणार? आणि घरांतलें काम दोघांत कसें वांटलें जाणार? हे प्रश्न लग्नाच्या बैठकींत विचारणें कोणास अप्रशस्त वाटेल. हुंडा घेऊं नये, असें बैठकींत बोलणेंही एके काळीं अप्रशस्तच वाटत होतें. जो मुलगा पहिल्या प्रश्नाचें उत्तर चुकवील, तो कितीही मोठ्या पगाराचा असला तरी त्याच्याकडे मुलगी रिकामी बसविण्यासाठीं पाठवूं नये. आणि जो तिसऱ्या प्रश्नावर हंसून ‘भांडीं मीच घासतों’ असें म्हणेल, त्याची कीव न करतां त्याच्याशीं बोलणें पुढें न्यावें.