काकू, साहेबांना पाठवा!

“काकू, तुम्ही कशाला थांबताय? संध्याकाळी साहेबांना पाठवा, त्यांना सगळं समजावून सांगतो.” गॅरेजवाल्याने असं म्हटल्यावर मी मुकाट्याने बिल भरलं आणि किल्ली घेऊन निघाले. साहेब म्हणजे आमचे हे, तारापूरला शिफ्ट ड्यूटी. त्यांना गाडीतलं कळतं ते पेट्रोल कुठे भरायचं एवढंच!

गाडी म्हणजे आमची तीन सिलिंडरची जुनी व्हॅन. वैतरणा स्टेशनला लोकल थांबते खरी, पण रात्री-अपरात्री एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या तर लोकलची वाट कोण बघणार? अशा वेळी मीच व्हॅन काढते. एप्रिलमध्ये रेडिएटरचं पाणी बघायचं राहिलं, गाडी तापली आणि हेड काढावं लागलं. ती चूक आमचीच.

दुरुस्तीनंतर चौदाव्या दिवशी मनोरकडच्या एका पाड्यावरून आठव्या महिन्यातल्या पोरीला तपासणीसाठी पालघरला नेत होते. वाघोबा खिंडीचा चढ लागला आणि काटा लाल रेषेला टेकला. मागून पांढरा धूर. भर उन्हात ती पोर रस्त्याकडेला दगडावर बसली. एका टेम्पोवाल्याने आम्हाला पालघरला पोचवलं म्हणून निभावलं.

या वेळी गाडी ओढून बोईसरला दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने हेड काढलं, त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि खालून दिसणारी उजेडाची फट मला दाखवली. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट असतं, कुकरच्या रिंगसारखं समजा. अॅल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतं. मग ते मशीनवर सपाट करून, म्हणजे ‘फेसिंग’ करून घ्यावं लागतं, नाहीतर नवं गॅस्केट घालूनही उपयोग नाही. पहिल्या वेळी नुसतं गॅस्केट बदललं होतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

म्हणून इंजिन पहिल्यांदा चालू करताना मी समोर उभी राहिले. मिस्त्री बिचारा समजूतदार, त्याने एकेक गोष्ट दाखवत काम केलं. आधी ऑइल आणि फिल्टर नवे. मग पाना लावून इंजिन हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवलं. टायमिंग बेल्ट एखादा दात चुकला असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात, ते हाताला आधी कळतं. नंतर प्लग काढून ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारला, म्हणजे वरपर्यंत ऑइल पोचलं. त्यानंतरच प्लग बसवून गाडी चालू केली.

टकटक आवाज आला, सायलेन्सरच्या पाइपवरून धूर निघाला. माझ्या पोटात गोळाच! पण तो सांडलेल्या ऑइलचा धूर होता, थोड्या वेळाने थांबला. टकटकही कमी झाली. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच काढून ठेवलं होतं. सुरुवातीला बुडबुडे आले, पाणी खाली गेलं, वरून ओतलं. अडकलेली हवा निघाली की बुडबुडे थांबायला हवेत. येतच राहिले तर गॅस्केटमधून गॅस गळतोय असं समजायचं. (गरम इंजिनाचं झाकण मात्र चुकूनही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं.) मग झाकण लावलं. काटा मध्यावर येऊन थांबला, पंखा लागला, बंद झाला, परत लागला.

तरी मी गाडी नेली नाही. रात्रभर तिथेच ठेवली आणि लोकलने घरी आले. सकाळी थंड इंजिनात पाणी जिथल्या तिथे होतं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. आमचं स्वच्छ होतं. मग मिस्त्रीला शेजारी बसवून एक चक्कर मारली आणि पैसे दिले.

मैत्रिणींनो, दुकानात तूरडाळ दाताखाली फोडून बघणाऱ्या, साडीचा काठ उलटून बघणाऱ्या आपण, गॅरेजात इतक्या गरीब का होतो? बिल तर घरखर्चातूनच जातं. “तुम्हाला काय कळणार” हे मिस्त्री एकदा म्हणतो, आपण स्वतःला दहादा म्हणतो. 1888 साली जर्मनीत बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, तर तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. तिच्याकडे कुठे इंजिनिअरिंगची पदवी होती?

काही जणी म्हणतील, प्रश्न विचारले की मिस्त्री चिडतो. चिडू दे की! काम चोख असेल तर दाखवायला त्याची हरकत नसते, असा माझा अनुभव आहे. सगळेच फसवतात असंही नाही. काहींना घाई असते आणि समोर कुणी उभं नसतं.

हजार किलोमीटर झाले की ऑइल बदलायचं आणि टॅपेट तपासायचे आहेत. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी किलोमीटर लिहून ठेवलेत. त्या दिवशी बचत गटातल्या दोघी माझ्याबरोबर बोईसरला येणार आहेत, आणि ह्यांनीही रजा टाकलीय, म्हणाले, मलाही बघायचंय.