सिलिकॉनवरील प्रकाश आणि मराठी परिभाषा

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या स्ट्यूअर्ट मिलर यांनी एकाच लहानशा पट्टीवर प्रकाशाची अनेक उपकरणे घडविण्याची कल्पना ‘एकात्मिक प्रकाशकी’ या नावाने मांडली. त्याच वर्षी म्हैसूर येथे केंद्रीय भारतीय भाषा संस्थानाची स्थापना झाली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. अर्धशतक उलटल्यावरही, निदान मराठीपुरता, तो जुळलेला दिसत नाही, ही आमची तक्रार आहे.

या शाखेत आज सिलिकॉनला मोठे महत्त्व आले आहे. सुमारे १.१ मायक्रोमीटरहून अधिक तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाला सिलिकॉन पारदर्शक असते, आणि दूरसंचारातील १.५५ मायक्रोमीटरचा प्रकाश याच पट्ट्यात येतो. त्या प्रकाशासाठी सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.४८, तर भोवतीच्या सिलिकाचा १.४४ आहे. एवढ्या तफावतीमुळेच प्रकाश अर्ध्या मायक्रोमीटर रुंदीच्या मार्गात कोंडून राहतो व वळणेही घेतो. संगणकाच्या चकत्या घडविणाऱ्या कारखान्यांतच हे मार्ग कोरता येतात, हा त्याचा व्यावहारिक लाभ होय. सिलिकॉन स्वतः मात्र प्रकाश देण्यात कृपण. लेसरसाठी इंडियम फॉस्फाइडसारख्या दुसऱ्या अर्धवाहकाकडे हात पसरावा लागतो.

वरील मजकुरातील ‘अपवर्तनांक’ या शब्दापाशी अनेक जुने वाचक अडखळले असतील. त्यांनी शाळेत ‘वक्रीभवन’ घोकले. (वस्तुतः दोन माध्यमांच्या सीमेवर प्रकाश वक्र होत नाही, दिशा बदलतो.) विश्वकोश उघडावा तर तेथे ‘प्रणमन’ भेटते, आजची शालेय पुस्तके ‘अपवर्तन’ म्हणतात. तिन्ही शब्द विद्वानांचेच. परंतु ज्या राशीवर हे सारे शास्त्र उभे आहे तिलाच तीन नावे असतील, तर विद्यार्थी इंग्रजीचा आश्रय घेईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

याच्या मुळाशी, आमच्या मते, एक उलटा क्रम आहे: आपण आधी कोश करतो आणि मग लेखकाची वाट पाहतो. लिहू लागले की शब्दांची परीक्षा आपोआप होते. ‘फोटॉनिक्स’ला कोणी ‘प्रकाशकणविज्ञान’ सुचविले, तर सिलिकॉनच्या मार्गांचे गणित बहुतांशी तरंगांचे असल्याने ते नाव दिशाभूल करील; ‘इलेक्ट्रॉनिकी’च्या जोडीला ‘फोटॉनिकी’ पुरे. ‘तरंगमार्गदर्शक’ म्हटले की विद्यापीठात प्रबंधावर सही करणारे गृहस्थच डोळ्यांपुढे येतात! ‘प्रकाशपाट’ का नको? पाटाचे पाणी काठाबाहेर थोडे झिरपते, तसाच प्रकाशही मार्गाच्या कडेबाहेर किंचित पसरतो. दोन पाट अगदी जवळ असतील तर तो एकातून दुसऱ्यात उतरतो. प्रकाश विभागणारी आणि ठराविक तरंगलांबी निवडणारी कड्याच्या आकाराची उपकरणे याच गुणावर चालतात. शेतकऱ्याचा शब्द येथे भौतिकीला नेमका बसतो.

राष्ट्रीय अनुवाद मिशन २००८ साली म्हैसूरच्या याच संस्थानात सुरू झाले. फोटॉनिकीचे संशोधन करणारी भारतीय विज्ञान संस्था तेथून काही तासांवर, बंगळूरला आहे. या विषयाचे एक पाठ्यपुस्तक निवडावे, प्रयोगशाळेत काम करणारा मराठी संशोधक आणि भाषेचा जाणकार यांना ते एकत्र सोपवावे, आणि परिभाषेची सूची पुस्तक पुरे झाल्यावरच करावी. त्यात अपवर्तनाला एकच नाव असावे. आमचे मत ‘अपवर्तना’लाच आहे, कारण शाळेतून येणारा विद्यार्थी तोच शब्द घेऊन येतो.