खारे पाणी गोड होईल, पण गाळ कोणाच्या अंगावर?

कारखान्यांच्या अतिखारट सांडपाण्यातून मीठ वेगळे काढायचे आणि पाणी पुन्हा वापरायचे, याला 'शाश्वत निःक्षारीकरण' म्हणतात. आमचा त्याला पाठिंबाच आहे. पण चळवळीने हा विषय इंजिनिअरांवर सोडून देऊ नये.

तामिळनाडूतले पालार नदीचे खोरे बघा. राणीपेट, आंबूर, वाणियंबाडीच्या टॅनऱ्यांत मीठ लावलेली कातडी धुतात. ते पाणी वर्षानुवर्षे नदीत, शेतात मुरले, विहिरी नासल्या. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणात 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. तरीही जानेवारी 2015 मध्ये राणीपेटच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातील गाळाच्या टाकीची भिंत रात्री कोसळली आणि शेजारच्या टॅनरीत झोपलेले 10 जण गाळात गुदमरून मेले. केंद्र उभारले म्हणजे न्याय मिळाला, असे होत नाही.

आता तंत्राचे. समुद्राचे पाणी आरओने गोड करायला घनमीटरला साधारण 3 ते 4 युनिट वीज लागते. त्याहून खूप खारट पाण्यापुढे आरओ हात टेकते, मग पाणी आटवावे लागते. नुसते उकळून एक घनमीटर आटवायला 600 युनिटांहून जास्त ऊर्जा जाते. म्हणून तीच उष्णता अनेक टप्प्यांत पुन्हा वापरणारी यंत्रे आणि सौरउष्णता महत्त्वाची. पण सर्वांत स्वस्त उपाय आधीचा आहे: कातडी भिजवण्यापूर्वीच मीठ झटकून काढा. तेही यंत्राने, मजुराच्या नाकातोंडात मीठ घालून नव्हे.

कोणी म्हणेल, कारखानेच बंद करा. कातड्याचे काम जातीने कोणाच्या माथी मारले, हे आपल्याला कोणी सांगायला नको. कारखाना बंद पडला की मालक दुसरा धंदा शोधतो, कामगार उपाशी राहतो. 'खर्च परवडत नाही' हेही आम्हाला मान्य नाही. आजवर तो खर्च शेतकऱ्याच्या विहिरीने आणि मजुराच्या फुप्फुसाने भरलाच आहे.

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे श्रम खाते होते आणि पाण्याचा विषयही त्याच खात्यात येत होता. आपणही हे प्रश्न वेगळे करू नयेत. आपल्या भागातल्या प्रत्येक प्रक्रिया केंद्राला तीन प्रश्न विचारा: मीठ उगमापाशी किती रोखले? उरलेले मीठ आणि गाळ कुठे जातो? टाकीजवळ कोण राबतो, कोणत्या संरक्षणात? उत्तर लेखी मागा.

जय भीम!